टेबलावरचं तळं आणि वॉरिंग्टनांच्या तीन पिढ्या

टेबलाच्या कोपऱ्यावर मावेल अशी काचेची छोटी टाकी, तळाला वाळू, दोन-चार दगड, हिरव्यागार पाणवनस्पती आणि त्यांच्यामधून फिरणारे इवलेसे मासे. असं दृश्य आता अनेक घरांत आणि कार्यालयांत दिसतं. माझ्याही लिहिण्याच्या टेबलावर अशी एक टाकी आहे. घरी येणारे लोक ती कौतुकानं बघतात आणि हमखास एकच प्रश्न विचारतात, ‘यात मासे किती राहतील?’ प्रश्न साधा आहे. पण त्याचं धड उत्तर मिळायला माणसाला पाऊणशे वर्षं लागली. आणि गंमत अशी, की त्या उत्तराच्या तीन तुकड्यांत इंग्लंडमधल्या एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांचा हात आहे. आजोबा, त्यांचा मुलगा आणि त्या मुलाची मुलगी. यांतल्या फक्त आजोबांनीच माशांसाठी टाकी मांडली होती. बाकी दोघांचं लक्ष शेतातल्या मातीकडे आणि पिकाकडे होतं. तरीही आज आपल्या टेबलावरचा मासा जगतो, तो तिघांच्याही ज्ञानावर.

गोष्टीची सुरुवात मात्र आजोबांच्याही आधी होते. १७७१ च्या ऑगस्ट महिन्यात जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकानं एका बंद काचपात्रात मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली आणि मग त्या ‘बिघडलेल्या’ हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. बिघडलेली हवा वनस्पती सुधारते, एवढं त्यातून कळलं. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरनं दाखवलं, की हे काम वनस्पती फक्त उजेडात आणि फक्त हिरव्या भागानं करते. अंधारात उलट तीच हवा बिघडवते. त्यानं पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली आणि त्यांवर जमणारे बुडबुडे पाहिले. शाळेत चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर पालथं नरसाळं आणि नरसाळ्यावर पालथी परीक्षानळी, असा प्रयोग आपण केला असेल. तो याच जातीचा. त्या अर्थानं आपल्यापैकी बहुतेकांनी बिनमाशांचा छोटा फिश टँक शाळेतच मांडलेला आहे.

मग बंद काचेत झाड आणि प्राणी दोन्ही जगवता येतील का? या प्रश्नाला चालना मिळाली ती लंडनच्या धुरकट पूर्व भागात राहणाऱ्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरमुळे. १८२९ मध्ये पतंगाचा कोष बघावा म्हणून त्यांनी एका बाटलीत ओली माती घालून तो ठेवला आणि झाकण लावलं. मातीतून एक नेचा आणि थोडं गवत उगवलं, आणि बाहेरच्या धुरात जे नेचे जगत नव्हते, त्यांतलाच तो नेचा बाटलीत मजेत वाढला. यातूनच ‘वॉर्डियन केस’ नावाची काचपेटी आली. याच पेट्यांतून पुढे रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून चहाची हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याशी पोचवली. १८४५ मध्ये ब्रिटननं काचेवरचा कर उठवला, काच स्वस्त झाली आणि मध्यमवर्गीय माणसाच्या दिवाणखान्यातही काचेची पेटी आली.

पाण्यातल्या जीवांवर त्या काळात आणखीही काही जण काम करत होते, आणि त्यांत दोन स्त्रिया होत्या हे आवर्जून सांगायला हवं. जान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईंनी सिसिलीतल्या मेसिना इथे १८३२ मध्ये काचेच्या टाक्या वापरून आर्गोनॉट या समुद्रजीवाचा अभ्यास केला आणि तो आपलं कवच स्वतःच तयार करतो हे सिद्ध केलं. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी लंडनमध्ये समुद्रातले प्रवाळ जगवले. त्यासाठी त्यांच्या घरची मोलकरीण खिडकीशी बसून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायची. एअर पंपाचं काम माणसाचे हात करत होते!

आता आपल्या घराण्याकडे येऊ. रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधं तयार करणाऱ्यांच्या जुन्या संस्थेत, रसायनतज्ज्ञ होते. मुलाचं नावही रॉबर्टच असल्यामुळे आपण यांना थोरले वॉरिंग्टन म्हणू. १८४९ मध्ये त्यांनी साधारण १२ गॅलनचं एक काचपात्र घेतलं आणि ते निम्मं भरलं. म्हणजे पाणी झालं सुमारे २७ लिटर. आज टेबलावर ठेवतात ती ४५ बाय २५ बाय २५ सेंटिमीटरची टाकी काठोकाठ भरली, तर २८ लिटर पाणी मावतं. थोरल्यांचा प्रयोग आपल्याच मापाचा होता. तळाला त्यांनी वाळू आणि गाळ घातला, दगड ठेवले, व्हॅलिस्नेरिया ही गवताच्या पात्यासारखी पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले.

काही दिवस ठीक गेले. मग व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवट बुळबुळीत थर चढला. थोरल्यांनी पाणी फेकून दिलं नाही. तळ्यात अशा कुजक्या पानांचं काय होतं, याचा विचार करून त्यांनी तळ्यातल्याच पाच-सहा गोगलगाई आणून टाकल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं खाल्ली, थर साफ केला आणि वर त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. १८५० मध्ये त्यांनी हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. सांगणं असं होतं, की मासा जो कर्बवायू सोडतो तो वनस्पती घेते, वनस्पती प्राणवायू देते तो मासा घेतो, आणि मधली घाण गोगलगाय निपटते. तिघांचा तोल जमला, की पाणी न बदलता टाकी चालते.

कल्पना इतकी सुबक होती, की ती वणव्यासारखी पसरली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं. १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचं ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि हा शब्द घरोघरी गेला. १८५६ मध्ये रॉसमेसलर यांनी एका लोकप्रिय जर्मन नियतकालिकात ‘काचेतलं तळं’ या अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला आणि ही आवड जर्मनीतही रुजली. इंग्लंडमध्ये तर समुद्रकिनाऱ्यावर बादल्या, हातोड्या घेऊन माणसांची रीघ लागली. खडकांमधल्या डबक्यांत पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदणारे जीव उचलून दिवाणखान्यात आणले गेले आणि बहुतेक मेले. गॉस यांचा मुलगा एडमंड यानं १९०७ मधल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे, की ते किनारे ओस पडले आणि आपल्याच पुस्तकांमुळे हे घडलं याचं वडिलांना फार दुःख झालं.

ही गोष्ट दूर इंग्लंडची म्हणून सोडून देता येत नाही. केरळ आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांत लाल-काळ्या पट्ट्यांचा एक देखणा मासा राहतो. बाजारात त्याला ‘मिस केरळ’ म्हणतात. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी तो इतका पकडला गेला, की धोक्यात असलेल्या प्रजातींच्या यादीत गेला. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नव्या प्रजातिसमूहात घातलं, त्या समूहाचं नाव ‘सह्याद्रिया’. आपल्या डोंगराचं नाव लावणारा मासा आपल्याच हौसेपायी संपावा, यापेक्षा वाईट काय? तो वाढून १५ सेंटिमीटरपर्यंत जातो. टेबलावरच्या टाकीत त्याची जागाच नाही.

पण नुसता लोभ एवढंच त्या मरणांचं कारण नव्हतं. थोरल्यांच्या सिद्धान्तात एक खोल खड्डा राहिला होता. लोक झाड लावत, गोगलगाय टाकत, मासे सोडत. प्राणवायू भरपूर असे आणि तरी मासे मरत. आजही हेच चालतं. संध्याकाळी दुकानातून टाकी, वाळू, झाडं आणि पिशवीतले आठ-दहा मासे एकदमच आणायचे, रात्रीपर्यंत सगळं मांडून मोकळं व्हायचं आणि दहा दिवसांत एकेक मासा काढून टाकायचा. मग दुकानदार एअर पंप देतो. बुडबुडे येतात आणि मासे मरतच राहतात. कारण मासा फक्त श्वासावर जगत नाही. तो कल्ल्यांतून आणि मलमूत्रातून अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते, आणि हा अमोनिया माशाला विषासारखा आहे. बुडबुड्यांनी तो जात नाही.

मग तळ्यात तो कुठे जातो? इथे धाकटे वॉरिंग्टन येतात. वडिलांनी ते काचपात्र मांडलं तेव्हा धाकटे रॉबर्ट दहा-अकरा वर्षांचे होते. पुढे तेही रसायनतज्ज्ञ झाले आणि रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात गेले. तिथे प्रश्न माशांचा नव्हता, खताचा होता. शेणखतातला अमोनिया मातीत गेला, की त्याचा नायट्रेट होतो, हे शेतकऱ्याला उपयोगी आणि सरकारला त्याहून जास्त. कारण नायट्रेट म्हणजेच सोरा, आणि सोऱ्याशिवाय बंदुकीची दारू होत नसे. बिहारमधल्या गावांतली, गोठ्यांजवळची पांढुरकी माती खरवडून काढलेला सोरा जहाजं भरभरून युरोपात जात होता. पण अमोनियाचा सोरा नेमकं कोण करतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

१८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. वाळू आणि चुनखडीची भुकटी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी अगदी हळूहळू झिरपू दिलं. पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही. अमोनिया वरून गेला तसाच खालून बाहेर पडला. त्यानंतर मात्र खाली नायट्रेट येऊ लागला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबलं, आणि नंतर थोड्या मातीचं पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झालं. याचा अर्थ हे काम जिवंत जिवाणूंचं होतं. धाकटे वॉरिंग्टन लगेच या कामाला लागले आणि वर्षानुवर्षं प्रयोग करून त्यांनी दाखवलं, की हे एका दमात होत नाही. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचा नायट्रेट. ते जिवाणू वेगळे काढून दाखवणं त्यांना जमलं नाही. तो मान १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाला.

वडिलांच्या टाकीतला खड्डा मुलानं बुजवला, तो असा. आज मागे वळून पाहिलं तर थोरल्यांचे गोल्डफिश का तगले हेही उलगडतं. त्यांनी तळाला गाळ घातला होता, आणि तळ्यातला गाळ या जिवाणूंनी भरलेला असतो. झाडं भरपूर होती आणि पाणवनस्पती अमोनिया थेटही शोषून घेतात. मासे होते फक्त दोन. थोरल्यांनी श्रेय प्राणवायूला दिलं, पण निम्मं काम न दिसणाऱ्या चौथ्या भिडूनं केलं होतं.

श्लोसिंग-म्युंट्झच्या नळीतले ते वीस दिवस लक्षात ठेवा. टाकी मांडण्याचं सगळं शास्त्र त्यात आहे. तळाला झाडांसाठी मिळणारी माती, तिच्यावर वाळूचा पातळ थर. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिन अशी झाडं मुळाशी लावायची; ॲन्युबियस आणि जावा फर्न दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधायची, मातीत पुरायची नाहीत. पहिल्याच दिवशी झाडं दाट लावावीत. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवावं किंवा क्लोरिन मारणारं औषध घालावं. कारण क्लोरिन जंतू मारण्यासाठीच असतं आणि त्याला आपले जंतू कोणते हे कळत नाही. दिवा रोज सात-आठ तास पुरे. थेट ऊन नको. आणि मग मासे न सोडता थांबायचं. तीन आठवडे, कधी सहा. मधूनमधून चिमूटभर खाद्य टाकायचं, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळतो. कोणाकडे जुनी निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज आपल्या पाण्यात पिळावा. त्या फ्रेंचांच्या ‘मातीच्या पाण्या’चाच हा प्रकार. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे संच दुकानात मिळतात. खाद्य टाकूनही दोन्ही शून्यावर राहू लागले, की टाकी तयार झाली.

आता तिसरी पिढी. धाकट्यांची मुलगी कॅथरीन वॉरिंग्टन वनस्पतिशास्त्रज्ञ झाल्या आणि वडिलांच्याच रोथॅमस्टेडमध्ये कामाला लागल्या. १९२३ मध्ये त्यांनी ब्रॉड बीन या शेंगांच्या पिकावर दाखवून दिलं, की बोरॉन हे मूलद्रव्य अगदी थोडं लागतं, पण ते नसेल तर झाडाचे शेंडे मरतात. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांना बोरॉनची फवारणी नवी नाही. त्या ज्ञानाचा पाया घालणाऱ्यांत या बाई होत्या. टाकीतल्या झाडालाही हेच लागू आहे. मासे पुरवतात तो मुख्यतः नायट्रोजन आणि स्फुरद. पालाश, लोह, बोरॉन, मँगनीज कमी पडलं तर पानं पिवळी पडतात, भोकं पडतात, नवी पालवी खुरटते. झाड खंगलं, की अमोनिया शोषणं थांबतं आणि शेवाळ माजतं. म्हणून पाणवनस्पतींसाठी सूक्ष्म अन्नद्रव्यांचं द्रावण आठवड्याला थेंबांच्या हिशोबानं घालावं. शेतातलं खत मात्र टाकू नये. त्यात अनेकदा अमोनियाच असतो.

आता ‘मासे किती?’ या प्रश्नाचं उत्तर देता येईल. वाळू-दगड वजा जाता आपल्या टाकीत पाणी उरतं २२-२३ लिटर. त्यात तीन सेंटिमीटरच्या आतल्या रासबोरांचा सहा-सात जणांचा थवा, किंवा एकटा फायटर, किंवा चार-पाच गप्पी. गप्पी म्हणजे आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत सोडतो तेच. घ्यायचे तर फक्त नर घ्यावेत, नाहीतर काही महिन्यांत टाकी भरून वाहील. गोल्डफिश नको. थोरल्यांचे दोन तगले खरे, पण तो मासा वीतभर वाढतो आणि घाण पुष्कळ करतो. सगळे मासे एकदम न सोडता निम्मे आधी, निम्मे पंधरा दिवसांनी सोडावेत. जिवाणूंना वाढायला वेळ लागतो. थोरल्यांच्या गोगलगाईंच्या जागी आता छोट्या कोळंब्या ठेवतात. शेवाळ खाणाऱ्या कोळंब्यांची ही पद्धत रूढ केली ती जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी. फायटरच्या टाकीत मात्र कोळंब्या ठेवताना विचार करावा. तो त्यांना खाद्य समजतो.

फायटर हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून तो पाणी पिण्याच्या ग्लासातही राहतो असं सर्रास सांगतात. हे थोरल्यांचंच अर्धं उत्तर झालं. श्वासाची सोय झाली, अमोनियाचं काय? ग्लासात झाड नाही, गाळ नाही, जिवाणूंना बसायला जागा नाही. तो मासा जगत नसतो, मरायला वेळ घेत असतो.

आणखी एक फरक आपल्या हवामानाचा. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. लंडनचं गणित विदर्भातल्या मे महिन्यात चालणार नाही. उष्म्यानं अमोनियाही अधिक विषारी होतो. त्यातून रात्री झाडंही प्राणवायूच घेतात, हे इंगेनहाउझनं सांगितलेलं आहे. म्हणून उन्हाळ्यात मासे कमी, खाद्य कमी, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर हलकी हालचाल हवी. पाणी न बदलता टाकी चालवण्याचं थोरल्यांचं स्वप्नही सोडून द्यावं. नायट्रेट साठत जातो. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलणं, एवढा कर भरावाच लागतो.

मोठ्या तळ्यात चूक झाली तर पाणी ती पोटात घालतं. २२ लिटर पाण्याच्या पोटात तेवढी जागा नसते. म्हणून टाकी जितकी लहान तितकी ती सोपी, हा समज उलटा करून घ्यायला हवा. दुकानात जाल तेव्हा पहिल्या दिवशी मासे मागू नका. झाडं घ्या, वाळू घ्या आणि घरी येऊन महिनाभर नुसतं पाणी बघत बसा. मुलं विचारतील, ‘टाकी रिकामी का?’ त्यांना सांगा, ती रिकामी नाही. त्यात आत्ता जे भरतंय, ते न दिसणारं आहे, आणि त्याच्याच भरवशावर उद्या मासा राहायला येणार आहे.